एकतीस नोव्हेंबर

थर्मामीटरच्या टोकाची रबराची लाल टोपी अजून तशीच होती... इतकी घट्ट, इतकी नवी, की सरांना वाटलं, हे नळकांडं आपल्याकडे बघून जीभ काढतंय. इतके दिवस नदीचं पाणी रोज मोजणाऱ्या थर्मामीटरची टोपी निदान एकदा तरी निघालेली असायला नको? त्यांनी ती नखाने उचकटली, निघेना. शिक्षकखोलीत कुणी नाही असं पाहून दाताने ओढली, तर निघाली ती थेट तोंडात, आणि नेमकी तेव्हाच नदीच्या प्रकल्पातली बारावीची मुलगी दारात.

"सर, एक शंका."

"हं," सर म्हणाले. तोंडात टोपी असलेला माणूस आणखी काय म्हणणार!

"नोव्हेंबर तीसच दिवसांचा असतो ना?"

सरांनी खोकल्याचं सोंग करून टोपी रुमालात घेतली.

नदी एक, देश दोन. वरच्या अंगाला सरांचं उच्च माध्यमिक विद्यालय, खालच्या अंगाला सीमेपलीकडचं त्यांचं. रोज दहा वाजता दोन्हीकडच्या मुलांनी पाण्याचं तापमान घ्यायचं, आठवड्यातून एकदा सामायिक तक्त्यात भरायचं, वर्षअखेरीस एकत्र अहवाल. आठ दिवस मुलं गेली. नवव्या दिवशी एक जण घसरला, गुडघा फुटला, थर्मामीटर फुटला, पालक प्राचार्याबाईंच्या केबिनमध्ये येऊन भडकले, आणि बाईंनी फर्मान काढलं: मुलं नदीवर जाणार नाहीत, पण आकडे थांबता कामा नयेत. "मी जाईन की," सर म्हणाले. गेलेही. तीन दिवस पाण्यात बोट बुडवून अंदाज घेतला. चौथ्या दिवशी बोटालाही कंटाळा आला. मग नदी खुर्चीवरूनच वाहू लागली, आणि खऱ्या नदीपेक्षा झकास वाहू लागली. काल सतरा पूर्णांक नऊ, आज सतरा पूर्णांक सहा, रविवारी किंचित गार, कारण सुट्टी पाण्यालाही हवीच. त्या अचूकपणावर खूश होऊन पलीकडच्यांनी हा नवा थर्मामीटर भेट पाठवला. आता तो घेऊन नदीवर जायचं, म्हणजे इतके दिवस गेलो नव्हतो हे स्वतःशी कबूल करायचं... आणि अशाच एका दुपारी पुढचे चार आठवडे एका बैठकीत आगाऊच भरताना हाताला अशी काही लय सापडली, की महिना संपला तरी हात थांबला नाही.

"माझ्याकडूनच ओळ वाढली असणार, सर. आलेख मीच काढलाय. त्यांच्याबरोबरच्या अकराच्या ऑनलाइन सभेत मी आधीच माफी मागून टाकते."

"छे गं, तू कशाला—"

"पण गंमत बघा ना, त्यांच्याकडेही आहे! एकतीस नोव्हेंबर. आपलं सतरा पूर्णांक दोन, त्यांचं सतरा पूर्णांक सहा. चार दशांश जास्त. रोजच्यासारखं."

रोजच्यासारखं... सोमवारी यांचे आकडे जात, बुधवारी त्यांचे येत. 'काय शिस्तीची माणसं,' सर घरी म्हणाले होते, 'चार दशांशांपलीकडे कधी तफावत नाही.' आणि बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली होती, 'अहो, तुमचं कुणाशी एवढं जुळतंय म्हणजे नवलच.' तेव्हा ते हसले होते. म्हणजे पलीकडेही एक खुर्ची आहे. त्या खुर्चीतही कुणीतरी बसलंय, आणि मी पाण्यात पाहत नाही तेव्हा तो माझ्यात पाहतोय!

मुलगी उभीच होती. अहवालावर पहिलं नाव तिचं. त्याच अहवालावर पलीकडच्या विद्यापीठाने तिला मुलाखतीला बोलावलेलं. सांगावं तर तिचं वर्ष बुडतं, न सांगावं तर ती आपलं खोटं आयुष्यभर स्वतःच्या नावाने मिरवते. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या पाण्याचं तापमान आपणच ठरवलेलं.

"आत्ता सांग," ते स्वतःला म्हणाले.

"चल, अकरा वाजले," ते तिला म्हणाले.

पडद्यावर पलीकडचे गुरुजी आले, मफलर गुंडाळलेले, सरांच्याच वयाचे. बोलणं दोघांच्याही मोडक्यातोडक्या तिसऱ्या भाषेत. मुलगी उठली. "एक चूक झालीय, ती माझी आहे. नोव्हेंबरमध्ये एक दिवस जास्त—"

"चूक कसली?" प्राचार्याबाई कौतुकाने म्हणाल्या. "दोन्ही शाळांनी मोजलंय ना? एक चुकेल, दोघं कसे चुकतील? बस बाळ."

सगळे हसले. मुलगी मात्र बसली नाही.

"बाई, पण तो दिवसच नाहीये."

पलीकडचे गुरुजी हसत नव्हते. त्यांनी मफलर उगाच सैल केला आणि पडद्यातून सरळ सरांकडे पाहिलं. त्या नजरेत दटावणी नव्हती, विनवणीही नव्हती; एकाच खोलीत कोंडलेल्या दुसऱ्या माणसाने दाराकडे बघावं, तशी ती होती.

"तुम्ही सांगा, सर," ते म्हणाले. "तुमचे आकडे आधी येतात."

आता सगळ्या माना सरांकडे वळल्या. बाईंच्या चेहऱ्यावर उत्तर तयारच होतं. सरांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी एकतीस नोव्हेंबर पंचांगात जाऊन बसला असता. इतका विश्वास... चहूबाजूंनी, फट नाही इतका विश्वास! पाच महिने ते पकडले जाण्याच्या भीतीने झोपले नव्हते, आणि आता त्यांना कळत होतं की इथे पकडणारं कुणीच नाही, कधीच नव्हतं. फक्त ही पोर, आणि तीसुद्धा स्वतःलाच पकडून देत होती.

"सर?" ती म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं. आत पहिला शब्द होता. कुठला, ते त्यांनाही ऐकल्यावरच कळणार होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटलं, की हिने आता नजर हटवू नये.