जीभ टाळूला

"आई, मला तुझ्याशी जरा..."

आईनं बोट वर केलं. जीभ टाळूला चिकटवली, ओठ मिटले आणि नाकानं श्वास घेत ती खिडकीबाहेर बघू लागली. आता पाच मिनिटं बोलणं बंद. लेकीनं दाराची कडी उगाचच लावली, काढली, पुन्हा लावली.

जिच्या जिभेला हाड नाही अशी गल्लीभर ख्याती, ती बाई गेले सहा आठवडे मूग गिळून बसायला शिकत होती! झोपेत तिचा श्वास अडकायचा. घोरणं मध्येच थांबलं की शेजारच्या खाटेवरची लेक दचकून उठायची आणि तिला कुशीवर वळवायची. चार वर्षं हेच. डॉक्टरांनी झोपताना नाकाला लावायचं हवेचं यंत्र दिलं, ते आईला सोसेना. मग त्यांनी जिभेच्या आणि ओठांच्या व्यायामासाठी एका थेरपिस्टबाईंकडे पाठवलं.

तेव्हापासून घरात नुसती टकटक. जीभ टाळूवरून टॉककन सोड, गाल फुगव, दोऱ्याला बांधलेलं बटण ओठांत धरून दोरा ओढ. सांगितलेलं तीनदा, आई करणार दहादा.

लेक नकाशांच्या कचेरीत होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या जागेसाठी तिनं दोन महिन्यांपूर्वी गुपचूप अर्ज केला होता. ती जागा आता मिळाली होती आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. किती वर्षं वाट पाहिली होती तिनं! पण हिला एकटीला टाकून जायचं कसं? आणि सांगायचं तरी कधी? आपल्याला बोलू द्यायचं नाही म्हणूनच हे सोंग, असं वाटून तिचं डोकं सणकायचं.

शुक्रवारी ती आईबरोबर थेरपिस्टबाईंकडे गेली. आई आत आरशासमोर बसली. लेकीनं बाहेर चार येरझाऱ्या घातल्या आणि बाई दिसताच त्यांना गाठलं.

"तिला जरा कमी करायला सांगा ना. माझ्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही तिला."

"सांगून थकले हो. जबडा दुखेल म्हटलं, तर म्हणतात, दुखू दे, घाई आहे."

"कसली घाई?"

"तुमच्या नोकरीची!" बाई गोंधळल्या. "पहिल्याच दिवशी विचारलं त्यांनी, खोलीत एकटीला झोपता येईल असं कधीपर्यंत होईल? मी म्हटलं, सहा महिने तरी धरा. तर माझ्याशी घासाघीस करायला लागल्या!"

लेकीचे डोळे भरून आले, आणि नेमकी तेव्हाच आई जबडा चोळत बाहेर आली.

"रडायला काय झालं? तुझा अर्ज तेव्हाच वाचला होता मी, आणि आता आलेलं पत्रही. सोमवारी हो म्हणून कळव."

"आई, अजून साडेचार महिने..."

"तोवर शेजारच्या मावशी येतील झोपायला. विचारून ठेवलंय." आईनं चपला पायात सरकवल्या. "फक्त त्या गदागदा हलवतील गं मला. तू कशी हळूच वळवतेस, तेवढं त्यांना शिकवून जा."