तुरटीच्या हौदातली अंघोळ

पतंग बोलतोय म्हटल्यावर लगेच आभाळाकडे बघू नका. मी काटाकाटीतला कागदी पतंग नव्हे, मी समुद्रावरचा. जाड नायलॉनचं अंग, हवा भरून फुगवायच्या नळ्या, लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला एक दांडी. माणूस कमरेच्या पट्ट्यात मला अडकवतो, पायाखाली फळी घेतो आणि मी त्याला लाटांवरून ओढत नेतो. सध्या मात्र मी बुरहानपूरजवळच्या फोपनार गावात, केळी धुवायच्या शेडमध्ये खुंटीला लटकलोय. तिथून समोर हौद दिसतो आणि मला लाज वाटते.

माझा मालक गोटू. निंबाभाऊ आणि सरुबाईंचा एकुलता एक. केळीच्या गाडीबरोबर सुरतेकडे गेला, तिथल्या किनाऱ्यावर माणसं वाऱ्यावर पळताना पाहिली आणि तिथेच अडकला. गाडी परत आली, गोटू नाही आला. एका क्लबात शिकला, मग तिथेच शिकवू लागला. एक परदेशी पाहुणा जाताना मला त्याच्याकडे सोडून गेला. आई रडायला लागली की गोटू फोनवर म्हणायचा, "आपली तापी जाते तिथंच तं आहे मी, दूर कुठी गेलो?"

निंबाभाऊंना हे सोंग वाटायचं. "घोड्यासारखा घोडा झाला आनं पतंग उडवते! केळी कोन कापन?" एकदा तर रागाच्या भरात बोलून गेले, "एक डाव चांगला आपटू दे त्याले, मंग येईन घरी." सरुबाईंनी लगेच अडवलं, "भरल्या घरात असं बोलता का?" पण शब्द निघायचा तो निघून गेला.

आता थोडं माझ्या दुखण्याविषयी. समुद्र दिसायला छान, पण अंगावर वाळला की त्याचं मीठ होतं. ते शिवणीत शिरतं, दोरीचे धागे कुरतडतं, वाळूशी हातमिळवणी करून सांधे धरतं. म्हणून दरवेळी मला गोड्या पाण्यातून काढायचं, सावलीत वाळवायचं, ओल्याची कधी घडी घालायची नाही. सगळ्यात जपायचा तो दांडीजवळचा लाल खटका. वारा आवरेनासा झाला की माणसानं तो पुढे ढकलायचा. खटका सुटला की माझा जोर जातो आणि माणूस वाचतो. पाण्यात शिरण्याआधी तो एकदा ढकलून बघायचा, हा किनाऱ्यावरचा नियम. गोटू शिकणाऱ्यांना तो इतक्यांदा सांगायचा की पोरं त्याची नक्कल करायची.

यंदा मावसबहिणीच्या लग्नासाठी गोटू मला घेऊन घरी आला, तो थेट समुद्रावरूनच. माझ्या अंगावर मिठाचे पांढरे डाग तसेच होते. "आल्यावर धुतो," म्हणाला आणि आईला घेऊन बुरहानपूरला, राजपुऱ्यात मावशीकडे निघून गेला. निंबाभाऊ केळीच्या कापणीसाठी मागे राहिले.

दुपारी ते माझ्यापाशी आले. आजवर त्यांनी मला पायानंसुद्धा बाजूला सारलं नव्हतं, इतका राग. पण त्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली, एका डागावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "लयच खारं आहे बापा," स्वतःशीच म्हणाले. मग मला उचलून शेडमध्ये नेलं.

केळीचा घड कापला की देठातून चीक गळतो. फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात बुडवल्या की तो निघतो आणि केळी व्यापाऱ्याच्या गाडीत चढायला तयार होतात. निंबाभाऊंच्या लेखी त्या हौदाएवढं धुणारं पाणी जगात नव्हतं. जे पाणी चीक काढतं, त्यापुढे मिठाची काय कथा! त्यांनी मला त्यातच बुडवलं. शिवण न् शिवण चोळली, दोऱ्या मुठीतून काढल्या. ज्या हातांनी मला कधी शिवलंही नव्हतं, तेच हात मला अंघोळ घालत होते आणि मी सुखानं फुगलो होतो.

पण सकाळपासून त्या हौदात फण्या बुडत होत्या. त्यांचा निघालेला चीक त्याच पाण्यात होता. तो लाल खटक्याच्या फटीत शिरला, वाळला आणि घट्ट बसला. मला ते जाणवत होतं. मला तोंड नाही हे खरं. पण असतं तरी त्या घटकेला मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही.

गोटू परतला तेव्हा निंबाभाऊ एवढंच म्हणाले, "धुतला तुहा पतंग."

"बाबा, तुम्ही धुतला?" गोटू बघतच राहिला. बापलेकांत एवढंच बोलणं झालं, पण सरुबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही किनाऱ्यावर होतो. सोबत्यानं विचारलं, "गोटू, खटका देखा क्या?" गोटू हसला. "मेरे बाप ने धोया है." आणि न बघता पाण्यात उतरला.

वारा अचानक चढला. मी किनाऱ्याकडे उधळलो. गोटूनं खटका ढकलला, पुन्हा ढकलला, दोन्ही हातांनी ढकलला. चिकानं सोडलं नाही. मी त्याला वाळूवरून फरफटत नेलं आणि उलट्या ठेवलेल्या होडीवर आपटलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याला सोडणं हे माझं एकच काम होतं.

गोटू गळ्यात हात अडकवून, मलाही सोबत घेऊन घरी आला. "वारा जास्त होता," एवढंच त्यानं सांगितलं. खटका त्यानं दवाखान्यातून सुटल्यावर पाहिला होता, वासही घेतला होता. सगळं कळूनही तो गप्प राहिला. इकडे निंबाभाऊंनी अन्न टाकलं. "माह्या तोंडानं झालं," सरुबाईंना म्हणायचे. "आपटू दे म्हटलं न् आपटला." लेकाकडे मान वर करून बघत नव्हते. गोटूला ते ऐकू यायचं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. खरं सांगावं तर बापाच्या हातावर येतं, न सांगावं तर बाप जिभेपायी झुरतोय.

एका सकाळी निंबाभाऊंनी मला पुन्हा उचललं. "तू आराम कर. याले मी धुतो." आणि हौदाकडे चालू लागले.

गोटू उठून मागे धावला. "बाबा, थांबा! हौदात नका टाकू."

"काहून?"

गोटूनं दांडी त्यांच्या हातात दिली. "हे लाल आहे ना, ढकला."

त्यांनी ढकललं. हललं नाही. जोर लावला, तरी नाही. मग त्यांनी फटीत नख घातलं, जे निघालं ते दोन बोटांत चोळलं. जन्मभर ज्यानं त्यांचे कपडे काळे केले, ते काय आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"चीक," ते म्हणाले.

"हो बाबा."

"तुले मालूम होतं?"

"हो. पन चूक माही आहे. दरवेळी पाहतो मी. त्या दिवशी नाही पाहिलं. तुम्ही धुतला होता ना."

निंबाभाऊ हौदाच्या कडेवर बसले. "माह्या तोंडानं झालं असतं तं बरं होतं रे," म्हणाले. "तोंड बंद ठेवता येते. हे हात कुठी ठेवू?"

गोटू विहिरीवर गेला आणि एका हातानं बादली भरून घेऊन आला. दुसरा हात गळ्यात होता. त्यामुळे धुवावं लागलं निंबाभाऊंनाच. गोटू सांगत गेला, ते करत गेले: कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश, पुन्हा साधं पाणी. ऊन कलल्यावर खटका सुटला. खट्! दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

आता गोटूचा हात वर जाऊ लागलाय. वाऱ्याचे दिवस जवळ आलेत. निंबाभाऊ त्याला जा म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. पण रोज केळी धुवायला आले की आधी माझ्याकडे येतात, धोतराला हात पुसतात आणि खटका ढकलून बघतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, मला हौदात नको, साध्या पाण्यात धुवा. बाकी जे सांगायचं ते निंबाभाऊंनी काल गोटूला सांगून टाकलंय. खटका ढकलता ढकलता, त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "म्या पाहिला आहे. तरी तू पाहून जाय."