बारा दारांचा वाटा

“थांबा जी, थांबा! असी नोका भरू माती.”

प्रेमिला गच्चीच्या दारातूनच ओरडली आणि हातात फावडं धरलेले भुपेंद्रभाऊ तसेच वाकलेले राहिले. त्यांच्यापुढे हिरव्या जाड पिशव्या रांगेने मांडल्या होत्या. निम्म्या पिशव्यांत काळीभोर माती गच्च ठासून झाली होती.

“काऊन? मिट्टी तो एकदम बढिया आहे. कन्हारची आहे, खास ट्रॅक्टरनं बोलावली.”

“कन्हार धानाच्या बांधीले चांगली. पिशवीत एकटी भरसाल त पाणी देल्यावर चिखल अन् सुकल्यावर गोटा. मुळीनं सास कुठून घ्यावा?” तिने पदर खोचला आणि भरलेली पहिलीच पिशवी सरळ उलटी केली. “दोन घमेले माती, एक घमेला रेती, एक शेणखत. रेती आनली काय?”

जमलेल्यांपैकी कोणीच रेती आणली नव्हती. मग भुपेंद्रभाऊ हसले आणि फावडं तिच्या हातात देत म्हणाले, “लो भाई, आपल्याले माहीतगार भेटला.”

कुडव्यातल्या सारस रेसिडेन्सीची ही गच्ची. चार मजले, बारा घरं, खाली गाड्या. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भुपेंद्रभाऊ सोसायटीचे सचिव. त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा मोठ्या शहरातली गच्चीवरची शेती पाहिली आणि मीटिंगमध्ये ठराव मांडला, की आपणही करू. बारा घरांनी मिळून लावायचं, पाण्याच्या पाळ्या करायच्या, दर रविवारी बारा वाटे घालायचे. हौस सगळ्यांना होती, पण बी किती खोल टाकायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या हिमांशूने प्रेमिलाचं नाव सुचवलं. घरी येऊन तो म्हणाला, “माय, उद्या गच्चीवर जाजो. लोकाईले तुही गरज आहे.” ते ऐकून प्रेमिलाला दोन घास जास्त गेले. चारचौघांच्या मीटिंगमध्ये लेक आपल्याविषयी बोलला, याचं तिला फार वाटलं.

तिला इथे येऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधीची सव्वीस वर्षं चिचगडजवळच्या एका रोपवाटिकेत गेली. नवरा गेला तेव्हा हिमांशू पहिलीत होता. सकाळी आठला पिशव्या भरायला बसायचं ते उन्ह उतरेपर्यंत. साग, बांबू, आवळा, मोह. हिमांशूला तिने देवरीच्या वसतिगृहात ठेवलं, पुढे गोंदियाच्या कॉलेजात घातलं. तो एका कार्यालयात बाबू झाला, लग्न झालं, सारस रेसिडेन्सीत घर घेतलं आणि मायला घेऊन आला. नव्या घरात बाबासाहेबांची तसबीर लावायला तिने खिळा मागितला तेव्हा तो म्हणाला, “आतल्या खोलीत लाव माय, हॉलची भिंत नवीन आहे.” तिने आत लावली.

घरात तिला काम असं नव्हतंच. सून आचल स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात तिला खपत नसे. दिवसभर बाल्कनीत बसून रस्त्याकडे पाहायचं. म्हणून गच्चीचं बोलावणं आलं तेव्हा प्रेमिलाने गुडघ्यांकडे पाहिलं नाही. चार जिने चढून ती वर जाऊ लागली.

रोपवाटिकेतलं रोप वीतभर झालं की आषाढात ट्रक येई आणि घेऊन जाई. सव्वीस वर्षांत तिच्या हातून किती रोपं गेली देव जाणे, पण त्यातल्या एकाचंही फळ तिने पाहिलं नव्हतं. इथे मात्र वांग्याला जांभळं फूल आलं, फुलाखाली बोंडाएवढं वांगं धरलं, आणि आठ दिवसांनी ते तिच्या मुठीत मावेना. ती कितीतरी वेळ ते देठासकट धरून बसली. तोडायला हात होईना.

मग काय, गच्ची भरली. वांगी, भेंडी, चवळी, टमाटर, कठड्याच्या कडेने सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक, पाण्याच्या टाकीवर चढवलेला दोडका. रविवारी सकाळी सगळे वर यायचे आणि ती वाटे घालायची. कोणाच्या वाट्यात एक भेंडी कमी पडली तर आपल्या वाट्यातली टाकायची.

पाळ्यांचं काय झालं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पहिला महिना सगळे पाणी द्यायला आले. मग कोणाची ड्यूटी, कोणाचं लग्नकार्य, कोणाची कंबर. “आज माझं पाहून घेसाल काय?” असं विचारत. मग विचारणंही बंद झालं आणि गच्चीची चाबी प्रेमिलाच्या कमरेला राहू लागली. सुरुवातीला तिला कोणी काही म्हणतच नव्हतं, नुसतं ‘अहो’ म्हणत. नंतर सगळे ‘मावशी’ म्हणू लागले. चौथ्या मजल्यावरची शिक्षिका नीला आधी म्हणाली, मग सगळ्यांनी उचललं. प्रेमिलाला बरं वाटलं. परक्या गावात नातं लागलं, असं तिने आचलला सांगितलंही. आचल कणीक मळत राहिली.

मार्चअखेर शहरातल्या एका बागप्रेमी मंडळाने सुंदर गच्चीचं बक्षीस सारस रेसिडेन्सीला दिलं. मंडळाचे अध्यक्ष स्वतः गच्ची पाहायला येणार होते, सोबत वर्तमानपत्राचा फोटोवाला. प्रेमिलाने पहाटे उठून एकूण एक पिवळं पान खुडलं, फरशी झाडली, आणि नवी निळ्या काठाची साडी नेसून वांग्यांच्या रांगेजवळ उभी राहिली. हिमांशू पांढरा शर्ट घालून पाहुण्यांसाठीचा गुच्छ धरून उभा होता.

अध्यक्ष म्हातारे, जाणकार होते. एका पिशवीत बोट खुपसून त्यांनी माती चोळली. “मिट्टी किसने बनाई? ये तो नर्सरी का हाथ है.”

“सबकी मेहनत है सर,” भुपेंद्रभाऊ म्हणाले. मग तिच्याकडे हात करून म्हणाले, “और ये हमारी मालनबाई. पानी-वानी रोज का यही देखती है.”

प्रेमिलाने हिमांशूकडे पाहिलं. तो भुपेंद्रभाऊंच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता.

“अच्छा काम करती है,” अध्यक्ष हिमांशूला म्हणाले.

“जी सर,” हिमांशू म्हणाला.

फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं. “मावशी, जरा बाजूले व्हा, वांगे दिसू द्या,” कोणीतरी म्हणालं. प्रेमिला बाजूला झाली, मग टाकीच्या मागे गेली आणि तिथूनच जिना उतरली.

हिमांशू दुपारी जेवायला बसला तेव्हा ती त्याच्यापुढे येऊन बसली.

“तो मले मालनबाई म्हणे. पगारी माळीण.”

“त्याच्या बोलण्यावर नोको जाऊ माय.”

“त्याच्या नाही जाऊन राहिली. तुह्या बोलण्यावर जाऊन राहिली. तू ‘जी सर’ म्हणला.”

“मंग काय कराचा होता? पाहुण्यासमोर वाद घालाचा होता काय?”

“वाद नोको घालू बाबू. ‘माय आहे’ म्हणाचा होता. दोन शब्द आहेत.”

हिमांशूने वरणात भात कालवला, पुन्हा कालवला. “सांगतो ना भुपेंद्रभाऊले. चांगला मौका पाहून सांगतो,” म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला वर गेली नाही. गच्चीची चाबी आदल्या दिवसापासून तिथल्या दाराच्या कुलपालाच होती.

गोंदियाचं ते उन्ह. एक दिवस पाणी चुकलं तर पिशवीतलं रोप मान टाकतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? सकाळ झाली की पाय आपोआप दाराकडे वळत. ती परत येऊन बाल्कनीत बसे. कान मात्र जिन्याकडे. कोणी वर चढतंय का? एक जरी माणूस पाणी द्यायला वर गेला असता तरी तिचा राग विरघळला असता, ती त्याच्यामागून गेली असती. दोन दिवस कोणी चढलं नाही. तिसऱ्या दिवशी भुपेंद्रभाऊ दारात आले.

“मावशी, काऊन येऊन नाही राहिल्या? पूरा सुकून राहिला ना वरती.”

“पाणी त टाकीतच आहे भाऊ. नळ डाव्या हाताले आहे.”

भुपेंद्रभाऊंनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. “हिमांशूभाऊ, बोलो ना इनको.”

हिमांशू सोफ्यावरून उठला नाही. हळूच म्हणाला, “जा ना एक डाव. कायले ताणून राहिली?”

चौथ्या दिवशी रविवार होता. उन्ह चढायच्या आत प्रेमिला टोपली घेऊन वर गेली.

पालक आणि सांबार जळून भुगा झाले होते. टमाटरची पानं कागदासारखी वाजत होती. वांग्यांत मात्र धुगधुगी होती. तिने एकेका पिशवीत बोट घालून पाहिलं. ही जगतील, ही नाही, ही आज पाणी मिळालं तर जगतील. ती नळाशी गेली. तोटीवर हात ठेवला. तोटी अजून गार होती. रोपाचा काय गुन्हा, असं तिच्या मनात येत होतं. पण पाणी दिलं की उद्या सकाळी भुपेंद्रभाऊ जिन्यात हसून म्हणणार, मी म्हटलं नव्हतं, मावशीच्यानं राहवणार नाही म्हणून. आणि मग हे असंच, मरेपर्यंत.

तिने तोटीवरचा हात काढला. जे जे खाण्याजोगं होतं ते सगळं तोडलं. मग एकेक रोप मुळासकट उपटून एका बाजूला रचलं, पिशव्या उलट्या करून मातीचा ढीग केला आणि रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालून त्यांवर वीट ठेवली. रोपवाटिकेत हंगाम संपला की असंच करत. तासाभराने गच्ची पहिल्यासारखी उघडी झाली. तिने बारा वाटे करून लहान पिशव्यांत घातले. या वेळी एकेक वाटा पोचवायला ती स्वतः निघाली, चौथ्या मजल्यापासून खाली.

पहिलं दार नीलाचं.

“अगंबाई, मावशी, आज घरपोच?”

“बाई, मी मावशी नाही.” हे वाक्य प्रेमिलाने चार दिवस मनात घोळवलं होतं. आता प्रत्येक दारावर ते म्हणायचं, असं ठरवूनच ती निघाली होती. “मी प्रेमिला गजभिये. हिमांशूची माय आहो.”

नीलाच्या हातातली पिशवी खाली आली. “आई? म्हणजे सख्खी आई?”

“मंग? तुमाले नव्हतं माहीत?”

“कसं माहीत असणार? हिमांशूभाऊंनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं ना, आमच्याकडे एक बाई आहेत, नर्सरीत काम केलेल्या, त्या पाहतील सगळं म्हणून. आम्ही समजलो...”

प्रेमिलाने कठड्याला धरलं. चार दिवस ती भुपेंद्रभाऊंना मनातल्या मनात शिव्या घालत होती. त्या माणसाचं काय चुकलं होतं? त्याला जे सांगितलं तेच तो बोलला. गच्चीवर हिमांशूने तिला कधी माय म्हणून हाक मारली होती का, ते ती आठवू लागली. ‘ते घमेलं इकडे द्या.’ ‘आता पुरे करा.’ एवढंच आठवलं. घरात ‘तू’ म्हणणारा लेक वर गेला की ‘तुम्ही’ म्हणायचा. तिला तो चारचौघांतला मान वाटला होता.

“काकू, बसता का जरा? पाणी देऊ?”

“नोको.” तिने टोपली उचलली. दोन पायऱ्या उतरून ती मागे वळली. “बाई, हे कोणाले सांगू नोका. पोट्ट्याले चार लोकाईत राहाचं आहे.”

पुढच्या दारांवर तिने ते वाक्य म्हटलं नाही. वाटा द्यायची आणि खाली उतरायची. कोणी ‘ठेवा तिथं’ म्हणालं, कोणी ‘एवढीच का?’ म्हणालं. तिसऱ्या मजल्यावर भुपेंद्रभाऊ स्वतः दार उघडायला आले. वरची बातमी त्यांना तोवर लागली होती.

“किसको पूछ के उखाडा? तुमच्या बापाची शेती होती काय? सोसायटीची होती ते!” त्यांचा आवाज जिनाभर घुमला. “हिमांशूभाऊले बोलतो मी. असी बाई कायले ठेवली म्हणतो. उद्याच दुसरी पाहतो.”

एका शब्दात त्यांचं तोंड बंद झालं असतं. तो शब्द प्रेमिलाच्या ओठांपर्यंत आलाही. पण उद्या हिमांशू या माणसाच्या डोळ्याला डोळा कसा देईल, हे तिच्यापुढे उभं राहिलं. तिने वाटा उंबऱ्यावर ठेवला.

“पाहा भाऊ. चांगली पाहा,” एवढंच म्हणाली.

पहिल्या मजल्यावर उतरेतो टोपलीत एकच वाटा उरला होता. दोन वांगी आणि मूठभर चवळीच्या शेंगा. तिने आपल्याच घराची बेल दाबली.

हिमांशूने दार उघडलं. “बेल काऊन वाजवली? चाबी नाही नेली काय?”

“वाटा आणला.”

वरून भुपेंद्रभाऊंचा आवाज अजून येत होता आणि आता त्यांच्या चपला जिन्यावर वाजू लागल्या होत्या.

“कोन आहे जी?” आतून आचलने विचारलं.

हिमांशूने एकदा जिन्याकडे पाहिलं. मग मायच्या हातातली पिशवी घेतली.

“भाजी आली,” तो म्हणाला आणि आत गेला.

प्रेमिला रिकामी टोपली घेऊन दारात उभी राहिली. आचल शेंगा परातीत ओतत होती, तो आवाज ऐकू आला. अकरा दारांवर वाटा देऊन ती लगेच मागे वळली होती. या दारावरून वळून जायला जागा नव्हती. चिचगडला तिचं घर होतं तिथे आता दुसऱ्या कोणाचा गोठा उभा होता.

तिने चपला काढल्या, कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून भिंतीला सरकवून ठेवल्या, आणि आत गेली.