अस्रातच्या फाइली

"परवाना नाही म्हणजे? आपल्याच माणसाने लिहिलंय ना ते!" प्रकल्पप्रमुख ताफेसेने कॉफीचा कप टेबलावर आदळला.

"लिहिलंय. आपल्याला दिलेलं नाही," हिरुत म्हणाली.

शाळांसाठीच्या संगणकप्रणालीचा इन्स्टॉलर शनिवारी अदिस अबाबात जाहीर व्हायचा होता. त्यातली प्रत्येक फाइल कोणाची, कोणत्या परवान्याने आली, हे हिरुत तपासायची. तिच्या सहीशिवाय तो निघत नसे. अम्हारिक भाषेचा भाग अस्रातने घरी बसून, बिनपगारी लिहिला होता. परवाना न लिहिताच तो वारला. हक्क आता त्याच्या बायकोचा, वर्केनेशचा.

"आणि त्यावर तुझं नाव कसं आलं, ताफेसे?"

"अडचण आली तर लोक काय मेलेल्याला फोन करणार? इंजिनिअर आहेस, वकिली करू नकोस."

"वर्केनेशची परवानगी आणते."

"आण. नाही दिली तर तसंच जाईल. ती काय कोर्टात जाणारेय? तिला सांगणार कोण?"

"मी."

खोलीतल्या कोणीही मान वर केली नाही.

वर्केनेशने फाटक अर्धंच उघडलं. अंगावर अजून काळे कपडे.

"वर्केनेशबाई, मी अस्रातबरोबर..."

"ठाऊक आहे. जेवताना तुमचीच नावं घ्यायचा. तोंड मात्र आज पाहतेय. या रस्त्यावर दुखवट्याचा मंडप होता. ज्याच्याशी त्याचा भिंतीवरून तंटा होता, तो शेजारीसुद्धा येऊन बसला. तुमच्यातलं कोण आलं?"

"त्या आठवड्यात चाचणी आवृत्ती निघायची होती." बोलतानाच हिरुतला शरम वाटली.

"निघाली?"

"निघाली."

"त्याच्या कामावर आता नाव कोणाचं आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ताफेसेचं. तुम्ही परवानगी दिलीत तर अस्रातचं परत लावेन. परवान्यात तशी अटच घालू, मग ते कोणाला काढता येणार नाही."

"मंडपात न आलेली माणसं अट पाळणार!" वर्केनेश हसली. "काढून टाका. त्याचं काही तुमच्याकडे नको."

कडी लागली.

हिरुतने त्या फाइली काढल्या. ताफेसेने त्या परत घातल्या. तिने पुन्हा काढल्या आणि मगच सही केली. त्यानंतर कार्यालयात तिच्याशी कोणी बोललं नाही.

शनिवारी भरल्या सभागृहात इन्स्टॉलर उघडला, तो इंग्रजीत. देस्सेहून आलेले एक म्हातारे शिक्षक उभे राहिले. "आमची भाषा कुठाय? आमंत्रणात तर छापलीय."

"त्या बाईसाहेबांना विचारा," ताफेसे माइकवर म्हणाला. "त्यांनीच काढली."

माना वळल्या. हिरुत उठली.

"ते काम अस्रातचं होतं. तो वारला," ती म्हणाली. "आम्ही त्याच्या दुखवट्याला गेलो नाही. मग त्याचं काम कोणत्या तोंडाने ठेवायचं?"

म्हाताऱ्या शिक्षकांनी डोक्यावरची टोपी काढली. "देव त्याच्या जिवाला क्षमा करो," ते म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

ताफेसेने माइक बंद केला. पडद्यावर भाषांची यादी तशीच उघडी होती, अम्हारिकविना.