शब्दगिळ्या माझ्या पोटात होता

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत होतो. आता मी नक्की काय आहे, याबद्दल तारकर्लीच्या आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं स्वतःचं एकही नाही.

माझी जुळणी कुडाळच्या एका दुकानात झाली. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, त्यामुळे घराण्याविषयी विचारू नका. उमेदीची वर्षं मी कट्टा गावी, एसटी थांब्यासमोरच्या टायपिंगच्या दुकानात काढली. लग्नपत्रिका आणि बाराव्याचे निरोप मी सारख्याच मायेने सांभाळले. अदलाबदल फक्त एकदा झाली. लोक कौतुक करत, "काय बेगीन चलता हो!" मग माझ्याहून भरभर चालणारा एक आला आणि मी दोन वर्षं खताच्या पोत्यामागे उभा राहिलो. तिथून शंकरराव मला चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. तारकर्लीला ते पाहुण्यांना खोल्या देतात.

त्यांची मुलगी अनुजा सावंतवाडीला कॉलेजात आहे. शेजारचा डेन्झिल चित्रं काढतो. दोघांनी मिळून शब्द जुळवण्याचा खेळ करायला घेतला. नुसती अक्षरं कोण जुळवत बसणार, म्हणून अनुजाने त्यामागे एक जग रचलं. तिमिरबेट नावाचं बेट, त्यावर सत्तावीस गावं, गावांत भुतं, आणि शब्दगिळ्या नावाचा राजा. त्याने 'दार' हा शब्द गिळला, तेव्हा माणसं घरातच अडकली. 'आई' गिळला, तेव्हा मुलं ताटावर बसून राहिली. कुणाची वाट बघतोय, तेच त्यांना आठवेना. खेळणाऱ्याने शब्द जुळवायचे आणि एकेक गाव सोडवायचं.

"राजाक तोंड काढूक नको म्हणतंस," डेन्झिल म्हणाला, "मगे तो गिळता खंयसून?"

"ताच तर भय आसा रे!"

तोंडच नाही तर तो गिळतो कुठून, हे मलाही कळलं नाही. पण तीन वर्षं हे सगळं माझ्या पोटात वाढत गेलं. सत्तावीस गावं, चौदा भुतं आणि शंकररावांच्या जेवणाचा मेनू. कोण कुणाला घाबरत होतं, देव जाणे.

मे महिन्यात माझी डिस्क कटकट वाजू लागली. पुण्याच्या एका स्पर्धेला खेळ सोमवारी पाठवायचा होता, आणि तिमिरबेटाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मला मालवणच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन डिस्क काढली, तरच काही वाचणार होतं. शुक्रवारी दुपारी लाईट ये-जा करत होती. दोघं मला उचलणार, एवढ्यात मथुराआत्या आल्या. या शंकररावांच्या थोरल्या बहीण. अनुजा भुतांची वर्णनं मोठ्याने वाचायची, ती त्यांनी वर्षभर स्वयंपाकघरातून ऐकली होती. आता आतून कटकटही येत होती. आत्या घाबरल्या नाहीत. कोणी वस्तीला आलाच आहे, तर त्याच्याशी रीतीने वागावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी माझ्यापुढे नारळ आणि विडा ठेवला आणि देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, तू जो कोण असशीत तो, ह्या पोरांचा काम तडीस ने, आणि तवसर ही जागा सोडू नको!"

"होय म्हाराजा!" डेन्झिल म्हणाला.

डेन्झिल दर रविवारी चर्चला जातो. पण गाऱ्हाणं ऐकल्यावर होकार देणं ही आमच्या गावात जिभेचीच सवय आहे. तेवढ्यात लाईट आली, आणि आतल्याने ऐकलं अशी आत्यांची खात्री झाली.

"मेल्या, व्हय कित्याक म्हटलंस?" अनुजा ओरडली.

"तोंडातसून गेला गो!"

झालं. काम होईपर्यंत मला हलवायचं नाही, आणि मला हलवल्याशिवाय काम होणार नाही. असा पेच मी कट्ट्याच्या दुकानातही पाहिला नव्हता.

शनिवारभर आत्यांशी वाद घालून रविवारी सकाळी अनुजाचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "आते, माझी तीन वर्षां आसत आत. कौल लावया. तोच सांगांदे."

आत्यांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून माझ्या डब्यावर चिकटवल्या. उजवी पडली तर हलवायचं, डावी पडली तर नाही. मला एवढंच ठाऊक होतं, की डिस्क गेली म्हणजे मी रिकामा डबा. डिस्क कटकटली, मी थरथरलो आणि उजवी पाकळी पडली. ती मी पाडली की माझ्या बिघाडाने, हे मला आजही कळलेलं नाही.

मालवणला चोवीस गावं वाचली. तीन गेली. त्यांत काय होतं, ते डेन्झिललाही आठवेना. डिस्क गेल्यावर मला हे कसं आठवतंय, असंही विचारू नका. मी विचारणं सोडलं आहे.

त्या दुपारी अनुजा माझ्यापुढे डोकं धरून बसली. "एका गावात बाव होती, आते. इतक्याच आठवता."

"मगे रडतंस कित्याक?" आत्या शेजारी बसल्या. "बाव आसा म्हणजे पाणी काढूक कोणतरी येतलीच. ती कोण? ती मुकी कित्याक झाली? लिही. आणि तिका चांगली साडी दी, भूत झाली म्हणून काय झाला!"

संध्याकाळपर्यंत तीन गावं पुन्हा उभी राहिली. अनुजा म्हणते, ती आधीच्यांहून भयंकर आहेत. सोमवारी खेळ पुण्याला गेला. आता तिमिरबेटाची एक प्रत अनुजाच्या फोनमध्ये आहे, एक डेन्झिलकडे आणि एक आत्यांच्या डोक्यात. तिसरीत रोज नवी भुतं निघतात. मला शंकरराव रिकामा डबा म्हणतात, आणि आत्या अजून 'म्हाराजा'.

मित्रांनो, मनापासून रचलेलं काही असेल, तर ते एकाच डब्याच्या भरवशावर ठेवू नका. डबा कितीही जीव लावणारा असो, एक दिवस तो कटकटतोच. प्रती काढा. आणि त्यातली एक घरातल्या अशा माणसाला ऐकवून ठेवा, जो ती विसरायच्या ऐवजी वाढवेल.