क्लॅरनेटमधली मोकळी जागा

औशाच्या कलीम मास्टरांनी अख्खा जन्म लग्नाच्या वरातीत क्लॅरनेट वाजवलं आणि साठीला आल्यावर हे भलतंच खूळ डोक्यात घेतलं. लोकांनी महिन्याची वर्गणी भरायची, मास्टर घरी बसून दोन नव्या चाली वाजवणार, त्या इंटरनेटवरून सभासदांच्या घरी. साल दोन हजार बारा. औशात असलं कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. वेबसाइट लेकीनं, उमैमानं, उभी केली. फॉर्ममध्ये नावापुढं गावही विचारायचं, हा हट्ट मास्टरांचा. गाव विचारल्याबिगर माणूस कळतो का कुठं!

अकरा सभासद झाले, त्यातले सहा गळाले. तक्रार एकच: चाल मध्येच बंद पडते. पडायचीच. कडवं संपलं की त्या जागी जोडीदार मल्लिनाथची ढोलकी यायची, तीस वर्षं. मल्लिनाथ जाऊन दोन वर्षं झाली, तरी मास्टरांची बोटं तिथं आपोआप थांबत.

"अब्बा, ते मोकळे तुकडे कापून टाकते. न्हाई तर उरलेलेबी जातील," उमैमा म्हणाली.

कापायचं म्हणजे मल्लिनाथला पुन्हा माती देणं. पण ऐकणारंच कुणी उरलं नाही तर वाजवायचं कुणासाठी? "काप," मास्टर म्हणाले.

तेवढ्यात उमैमा स्क्रीनकडं बघून हसली. "ही कोण बाई हाय? किल्लारीची तनुजा. कालपासून एकच चाल त्रेचाळीस वेळा ऐकलीय."

"त्रेचाळीस? येडी हाय का काय!" मास्टरांना चैन पडेना. स्वतःच्या वरातीत नवरदेवसुद्धा तिसऱ्यांदा तीच चाल ऐकून कंटाळतो. "मी येईपर्यंत हात लावू नको," म्हणत त्यांनी क्लॅरनेट काखोटीला मारलं आणि किल्लारीची एसटी धरली.

घर विचारत विचारत सापडलं. दारातच पाय थबकले. आत त्यांचंच क्लॅरनेट वाजत होतं. कडवं संपलं, सूर थांबला आणि तिथं ढोलकी आली. कच्ची, अडखळत, तोवर चाल पुढं निघून गेली. बाईनं ती मागं नेऊन पुन्हा लावली.

"ओ बाई, काय करायलाव हे?"

चाळिशीची तनुजा दचकून उठली. हे खुद्द कलीम मास्टर, हे कळल्यावर तर तिला घामच फुटला. "बाईमाणसाला ढोलकी कुणी शिकवंना, मास्टर. तुमच्या चालीत शिकणाऱ्यासाठी जागा सोडलेली दिसली. म्हणलं, बसावं."

शिकणाऱ्यासाठी! उमैमाला फोन लावून मास्टरांनी एवढंच सांगितलं, "कापू नको." मग चपला काढून आत बसले, क्लॅरनेट ओठाला लावलं, कडवं वाजवलं आणि थांबले.

तनुजानं घाईघाईनं ढोलकी पुढं ओढली.

"लई उशीर केलास, पोरी," मास्टर म्हणाले. "मल्लिनाथ थांबला नसता इतका. चल, पुन्हा."