पुलाचा झोका आणि माझी रेघ

मी एक जुना ॲनालॉग संगणक आहे. कपाटाएवढा, अंगभर मुठी आणि वायरी, आणि स्वभावाने जरा मानी. पूल बांधणाऱ्या एका कचेरीच्या कोपऱ्यात माझं आयुष्य गेलं.

मित्रांनो, संगणक म्हटलं की तुम्हाला आकडे आठवतात. माझ्या पोटात मात्र एकही आकडा नाही. पूल जसा हलेल, तसाच विजेचा दाब माझ्यात वरखाली होतो आणि माझी लेखणी त्याची अखंड रेघ कागदावर काढते. एक मूठ फिरवली की पूल जड होतो, दुसरी फिरवली की ताठ. हे काम बाई करत. त्या या कचेरीतल्या सगळ्यात जुन्या इंजिनिअर. आमची जोडी बघून पाहुणे तोंडात बोटं घालायचे.

मग माझा धाकटा भाऊ आला, डिजिटल. तो सगळं आकड्यांत मोजतो. मी उतारावरून घरंगळत जातो, तो पायरी पायरीने उतरतो. पण काय त्याचा झपाटा! माझं उत्तर म्हणजे 'वीतभर, थोडं इकडे तिकडे', त्याचं केसाइतकं नेमकं. काल सांगितलेलं तो आजही जसंच्या तसं सांगतो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला आणि कौतुकही. हळूहळू माझ्यावर धूळ बसली. माझी पाठ कप ठेवायच्या कामाची उरली आणि एक दिवस भंगारवाल्याला निरोप गेला.

तो यायचा त्याच दिवशी शाळेजवळच्या नव्या झुलत्या पुलाचा निकाल लागायचा होता. दुसऱ्या दिवसापासून मुलं त्यावरून जाणार होती. धाकट्याला चालवणारे चष्मेवाले साहेब म्हणाले, "बाई, पूल जागचा हलत नाही. करा सही."

"झुलता पूल, आणि हलत नाही?" बाई माझ्याकडे वळल्या. "याला एकदा विचारू या."

साहेबांनी घाईने बटण दाबलं आणि लगेच लेखणी टेकवली. रेघ कागदाबाहेर पळाली. साहेब हसले. "म्हातारा भ्रमिष्ट झालाय."

"अहो, झोपेतून उठवून तुम्हाला कुणी गणित घातलं तर? त्याच्या काचेच्या नळ्या तापू द्या. तोवर चहा घेऊ."

आमच्याकडची रीतच होती ती. आधी चहा, मग प्रश्न. नव्या माणसांना ती कुणी सांगितली नव्हती.

कप रिकामे झाले. बाईंनी मुठी लावल्या आणि मला एवढंच विचारलं, की मुलं एका तालात पावलं टाकत निघाली तर काय होईल? माझी लेखणी डुलू लागली. झोका वाढला, अजून वाढला. साहेबांचा चेहरा उतरला.

"माझ्या आकड्यांत हे कसं नाही?"

"तुमच्या यंत्राला किती वेळाने बघायला सांगितलंत?"

"सेकंदाला एकदा."

"आणि पूलही सेकंदाला एक झोका घेतोय. तो जागेवर आला रे आला, की तुमचं यंत्र डोळे उघडतंय!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून त्यांनी धाकट्याच्या पायऱ्या बारीक केल्या, म्हणजे सेकंदात कितीतरी वेळा बघायला सांगितलं. त्याने माझाच झोका दाखवला. शिवाय तो थोपवायला जादा तारा कुठे बांधायच्या, किती जाड घ्यायच्या, तेही नेमकं सांगितलं. मला ते सात जन्मांत जमलं नसतं. माझा ऊर भरून आला. चूक त्याची नव्हतीच; त्याला जसं बघायला सांगितलं, तसं त्याने बघितलं होतं.

तारा बांधेपर्यंत पूल बंद ठेवायचं ठरलं. तेवढ्यात खाली भंगाराची गाडी वाजली. साहेब स्वतः जिना उतरून गेले.

"दादा, माफ करा, फुकट खेप पडली. इथलं न्यायचं काही नाही."

आता मुलं त्याच पुलावरून येतात आणि माझ्या मुठी फिरवून बघतात. मित्रांनो, खुशाल फिरवा, पण धूळ तेवढी पुसत जा. आणि एखाद्या म्हाताऱ्याचं पहिलं उत्तर चुकलं, तर लगेच त्याला मोडीत काढू नका. परवाच एका नव्या बाईंनी घाईने माझं बटण दाबलं, तर चष्मेवाले साहेब पलीकडून ओरडले, "अहो, थांबा! आधी चहा!"